रुग्णालयाची परवानगी : एक कायदा, दोन प्रश्न आणि मुकुटबन

नवे रुग्णालय उभे राहताना शासनाने काय विचारावे? 'ते चालवण्यास योग्य आहे का?' की 'ते येथेच हवे आहे का?' महाराष्ट्रातील कायद्याने खासगी क्षेत्राला आजवर पहिलाच प्रश्न विचारला आहे.

मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा, इंग्लंडमधील १९२७ च्या कायद्याच्या धाटणीचा. जागा योग्य आहे का, पात्र डॉक्टर व परिचारिका आहेत का, हे पाहून नोंदणी द्यायची. स्वतंत्र राज्याचे नियम मात्र १९७३ साली निघाले. आरोग्याच्या कायद्यांना आपल्याकडे अशी घाई क्वचितच असते.

मुकुटबन तेव्हा मुंबई प्रांतात नव्हतेच. पैनगंगेच्या खोऱ्यातले हे गाव मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला; पण राज्याची सीमा सरकली म्हणून कायदा आपोआप सरकत नाही. दीर्घकाळ त्याचा अंमल मोठ्या शहरांपुरताच राहिला.

दुसरा प्रश्न अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९६४ साली कायद्यात आणला : नव्या रुग्णालयाची गरज आधी सिद्ध करा. त्यातून प्रस्थापित रुग्णालयांनाच संरक्षण मिळते, हा आक्षेप तेथे आजही घेतला जातो.

आपल्याकडे 'गरज' शासनाने मोजली ती स्वतःच्या केंद्रांसाठी, आणि मोजली डोक्यांनी. भोर समितीने १९४६ मध्ये प्रारंभीच्या टप्प्यासाठी ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले. पुढे निकष ३०,००० वर आला. आदिवासी व डोंगराळ भागासाठी २०,०००, उपकेंद्रासाठी ३,०००.

हा आकडा उदार वाटतो. पण झरी-जामणी तालुक्यात कोलामांचे पोड विखुरलेले आहेत. शहरात २०,००० माणसे एका प्रभागात मावतात. येथे तेवढ्यांसाठी मैलोगणती जंगल आणि नाले ओलांडावे लागतात. लोकसंख्येच्या निकषात पावसाळ्यातला रस्ता बसत नाही.

२०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. डॉक्टरांच्या संघटनांना त्यात 'इन्स्पेक्टर राज' दिसले, रुग्णहक्क कार्यकर्त्यांना दरांवर व दर्जावर अंकुश. दोन्ही बाजूंत तथ्य होते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. तथापि हा सारा वाद आधीच असलेल्या, किंवा कोणीतरी उघडू इच्छिणाऱ्या, रुग्णालयांचा होता.

जेथे खासगी अर्जच येत नाही, तेथे परवानगी शासनाने शासनाकडूनच मिळवायची असते : केंद्राला मंजुरी, मग इमारतीला, मग पदांना. आणि पद मंजूर झाले तरी ते भरणे हे वेगळेच प्रकरण.