दुहेरी कुलपाचे शिक्षण

उपकोषागारात नोकरी केलेल्या माणसाला दुहेरी कुलूप म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मुद्रांकांच्या पेट्या ज्या खोलीत, तिला दोन कुलपे. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. उघडले की काय काढले, किती उरले, याची रजिस्टरात नोंद आणि दोघांच्या सह्या. ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी चामोर्शीत आम्ही काम तसेच करत राहिलो.

मग संगणक आले. 2001 पासून एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले, पगाराची बिले ‘सेवार्थ’वर गेली आणि किल्लीची जागा पासवर्डने घेतली. माझ्या पाहण्यातल्या एका कार्यालयात साहेबांचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असे. ज्यांनी जन्मभर किल्ली कमरेला बांधली, त्यांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. शिस्त कुलपाबरोबर तिथेच राहून गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिची किंमत पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणाने दाखवली. 11 ऑगस्ट 2018 ला बनावट कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघू लागले. चोरांनी बँकेच्या एटीएम स्विचच्या जोडीला खोटा स्विच उभा केला होता. पैसे काढण्याची विनंती आली की तोच ‘मंजूर’ म्हणे. खात्यात शिल्लक आहे का, हे मूळ यंत्रणेला कोणी विचारतच नव्हते. म्हणजे दुसऱ्या किल्लीवाल्याला न बोलावताच दार उघडत होते. 13 तारखेला स्विफ्टमार्गे 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींच्या वर रक्कम! एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. त्यापूर्वीच, ऑक्टोबर 2018 मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली होती.

आमच्याकडचे पोट्टे सायबर सुरक्षा म्हटले की हॅकरच डोळ्यांसमोर आणतात. या क्षेत्रातली बरीच कामे शांतपणे नोंदी तपासण्याची आहेत. रात्रपाळीत लॉग वाचायचे, अवेळी झालेले लॉगिन हेरायचे, कोणाला कशाची परवानगी आहे ते पडताळायचे, गुन्ह्यानंतर जप्त मोबाइलमधला पुरावा धक्का न लावता काढायचा. रोजच्या रोज ताळमेळ लावणाऱ्या कारकुनाला हा स्वभाव ओळखीचा वाटेल. नोंद जुळली नाही तर घरी न जाणारा माणूस या कामाला हवा.

वाटही आपल्या आवाक्यातली आहे. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून पदवीसाठी नागपूर विद्यापीठाकडे पाहावे लागत नाही. संगणकाची पदवी, सोबत नेटवर्किंग आणि लिनक्सचा पक्का सराव. त्यानंतर प्रवेशपरीक्षा देऊन सी-डॅकची माहिती-यंत्रणा सुरक्षेची पदविका. पुढे बँका, लेखापरीक्षण करणाऱ्या कंपन्या, पोलिसांचे सायबर विभाग.

चामोर्शीतल्या पालकांना माझी विनंती आहे: मुलगी बारावीनंतर हे शिकायचे म्हणाली, तर ‘हे आपल्याकडचे काम नाही’ असे म्हणू नका. तालुक्यातल्या पतसंस्था, बँका आणि सरकारी दप्तरे आता संगणकावरच आहेत, आणि त्यांच्या दाराशी दुसरी किल्ली घेऊन उभे राहणारे माणूस लागणारच आहे.