खळ्यावरची गॅरंटी

पनवेलचं नाव एके काळी चाकांसाठी होतं. आज विमानतळ म्हटलं की पनवेल आठवतं, पण इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात ह्या गावच्या धंद्यांत बैलगाडीच्या चाकांचा उल्लेख मानाने येतो. कारण सरळ आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबई-पुण्याची वाहतूक पनवेल बंदरावरून धावू लागली. मुंबईचा माल मचव्यांतून खाडीने यायचा, धक्क्यावर उतरायचा आणि बैलगाड्यांवर लादून घाट चढायचा. घाट चाकं खातो. जिथे गाड्या मुक्काम करतात तिथे चाकं करणारा आणि दुरुस्त करणारा बसणारच. १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट ओलांडला, तीही कर्जतवरून, पनवेलला बाजूला टाकून. बंदराची ऐट गेली. हात मात्र शाबूत राहिले.

चाक म्हणजे सुतार आणि लोहार दोघांचं लेकरू. तुंबा, आरे, पुठ्ठे हे सुताराचं. वरची लोखंडी धाव लोहाराची. ती चाकापेक्षा बोटभर लहान करायची, शेणीच्या जाळात लाल करून फुगवायची, चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. आकसलेली धाव सगळे सांधे असे आवळून धरते की खिळ्याची गरज उरत नाही. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, हे मी शाळेत शिकण्याआधी आमच्या लोहारदादांच्या अंगणात पाहिलेलं.

आमचं गाव नेऱ्याच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या डोंगराखाली. लोहारदादांचे वाडवडील पनवेलला चाकांच्या धंद्यात होते. तो धंदा मंदावला तसे ते वर आमच्याकडे सरकले. मी सांगतो आहे ते १९६५ ते १९७५ ह्या दहा वर्षांतलं. तेव्हा भाता चामड्याचा होता, ऐरण आंब्याच्या बुंध्यात ठोकलेली होती आणि कोळसा कातकरवाडीतून यायचा. कातकऱ्यांना शेत नव्हतं, त्यामुळे खळं नव्हतं, त्यामुळे बलुत्याच्या हिशेबात ते नव्हतेच. ते कोळशाच्या पाटीवर कोयता शेवटून न्यायचे.

आम्हा शेतकऱ्यांचा हिशेब वेगळा. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. त्यात देशावरच्या बलुतेदारीचं सगळं यंत्र उलगडून ठेवलेलं आहे. आमच्या कोकणपट्टीत ती घडी तितकी घट्ट नव्हती, पण लोहार, सुतार, न्हावी ह्यांचा खळ्यावरचा वाटा होता. आमच्याकडे नांगरामागे दोन पायल्या भात आणि पेंढ्याचा एक भारा. त्या बदल्यात फाळ, विळे, कोयती, खुरपी वर्षभर शेवटायची. नवं हत्यार करायचं तर लोखंड शेतकऱ्याने आणायचं आणि मजुरी वेगळी द्यायची. पण ते हत्यार एकदा केलं की मोडेपर्यंत त्याची जबाबदारी करणाऱ्याची. धार बोथटली, टोक वाकलं, मुठीतून निखळलं, कशाचेही पैसे नाहीत. आजची कंपनी एक वर्षाची वॉरंटी देते आणि पावती हरवली की तीही संपते. आमच्याकडे पावती नव्हती. पावती म्हणजे तोच माणूस, जो उद्या सकाळी पाणवठ्यावर भेटणार आहे. कागदावर नव्हती म्हणून ती कायद्यानेही मोडली नाही. मुंबई राज्याने १९५३ मध्ये गावकामाच्या इनामांचा निकाल लावला, त्यात ज्यांना जमिनी होत्या त्यांचा हिशेब झाला. खळ्यावरच्या दोन पायल्यांना कुणी हात लावला नाही.

ह्या व्यवस्थेत पहिली फट पाडली ती घडीच्या चाकूने.

घडीचा चाकू म्हणजे खिशातला, दुमडणारा. आमच्या आज्याला त्याची गरज नव्हती, त्याच्या कमरेला मागे लाकडी आकडीत कोयती असायची आणि तिच्यानेच तो बांबू फोडायचा, नारळ सोलायचा, पायातला काटासुद्धा काढायचा. पण बाबा पनवेलला जाऊ-येऊ लागले. कमरेला कोयती लावून एस.टी.त बसायचं नाही, असं त्यांना वाटू लागलं. बाजारात पत्र्याच्या मुठीचे, चकचकीत मुलामा दिलेले चाकू मिळू लागले होते. दीड-दोन रुपयांत. सुतळी कापा, आंबा चिरा, पेन्सिलीला टोक करा. आमच्या आळीत वर्षभरात दहा-बारा घरांत ते आले. सिनेमांमुळे पोरं त्याला रामपुरी म्हणायची. खरा रामपुरी उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा, खटका दाबला की पातं खाडकन उघडणारा. आमच्या ह्या गरीब चाकूचं पातं नखाने उचकटावं लागे.

सहा महिन्यांत सगळे चाकू खिळखिळे झाले. बाबांचाही. पातं इकडे-तिकडे हलायला लागलं आणि धार तर लिंबाच्या सालीवरसुद्धा घसरू लागली. ते दुकानात परत घेऊन गेले. दुकानदार हसून म्हणाला, “अहो, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. पायरी उतरलात की चाकू तुमचा.” ग्राहक संरक्षणाचा कायदा यायला अजून १९८६ साल उजाडायचं होतं, आणि दोन रुपयांसाठी तेव्हा काय आणि आता काय, कोण कोर्टात जातो?

मग तो चाकू लोहारदादांकडे गेला. मी सोबत होतो. दादांनी तो उघडला, झाकला, कानाशी धरून पात्यावर नख मारलं. मग पात्यावरून कानस एकदा फिरवली. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली.

“ह्याला पानीच नाय दिला,” दादा म्हणाले. “आन् द्यायचा म्हटला तरी घेनार नाय. ह्यो नुसता पत्रा हाय.”

पाणी देणं म्हणजे काय ते त्या दिवशी त्यांनी मला करून दाखवलं, चाकूवर नाही, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेल्या एका कोयतीवर. मुंबई-पुणे रस्ता पनवेलवरून जातो. गॅरेजांत मोडके पाटे भंगाराच्या भावाने मिळत, आणि स्प्रिंगच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो. साध्या पट्टीच्या लोखंडात तो पाव टक्काही नसतो, म्हणून ते कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही. दादांना टक्के ठाऊक नव्हते. ते ऐरणीवर ठिणगी बघायचे. त्यांनी फक्त धारेची कड लालभडक केली आणि पाण्यात चर्र केली. तेवढ्यावर थांबलं तर धार काचेसारखी तुटते. म्हणून कड दगडावर घासून पांढरी केली आणि पाठीकडची धग हळूहळू धारेकडे येऊ दिली. पांढऱ्या कडेवर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्याची निळी व्हायच्या आत पुन्हा पाण्यात. लाकडावर आपटायच्या कोयतीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, वस्तऱ्याला पिवळ्यावरच थांबवायचं. आज पुस्तकात वाचतो की पिवळा साधारण २३० अंशांना येतो आणि निळा ३०० च्या आसपास. दादांच्या घरात घड्याळही नव्हतं.

चाकूचं त्यांनी काय केलं? जुना खिळा छिन्नीने उडवला, आत तांब्याच्या दोन बारीक चकत्या घातल्या, नवा खिळा ठोकून त्याची दोन्ही डोकी फुलवली. मुठीतली पाठीची पट्टी, जिच्या दाबाने पातं उघडं राहतं, ती थोडी वाकवून ताठ केली. पात्याला पाणी देता येत नव्हतं, पण गार असतानाच हातोडीने धार ठोकून थोडी दाबली. विळ्याला करतात तसं. त्याने पत्रासुद्धा चार दिवस बरा कापतो. पैसे घेतले नाहीत. हत्यार गावातलं, माणूस गावातला, एवढाच विचार.

इथे मला इंग्लंडातली एक गोष्ट आठवते. शेफील्डचे चाकू करणारे जगात नावाजलेले. जर्मनीतल्या झोलिंगेनहून स्वस्त माल येऊ लागला आणि त्यावर शेफील्डचं नाव कोरलेलं असे. शेफील्डवाल्यांनी ओरड केली. १८८७ मध्ये तिथे मालावरच्या खुणांचा कायदा झाला, परदेशी मालावर देशाचं नाव हवं असं ठरलं, आणि हिंदुस्थानातही १८८९ मध्ये तसाच कायदा आला. गंमत अशी की पुढे जर्मन माल इतका चांगला झाला की तेच नाव लोक शोधून घेऊ लागले. सांगायचा मुद्दा, शेफील्डच्या कारागिराकडे ओरडायला संघटना होती आणि ऐकायला पार्लमेंट होतं. आमच्या दादांकडे खळं होतं.

कारण झालं असं, की एक चाकू फुकट दुरुस्त झाल्यावर बाराच्या बारा आले. मग बाजारातले विळे आले, तयार खुरपी आली, कडी निखळलेल्या कोयत्या आल्या. नवं हत्यार दादांकडून करून घेणं लोकांनी सोडलं, बाजारचं स्वस्त पडे. पण मोडलं की दादांकडेच. म्हणजे मजुरीचे पैसे गेले आणि दुरुस्तीचं काम दुप्पट झालं. नफा पनवेलच्या दुकानात, गॅरंटी आमच्या लोहाराच्या अंगणात, आणि ती निभावायला त्याच जुन्या दोन पायल्या.

एका मार्गशीर्षात, झोडणी चालू असताना, दादा आमच्या खळ्यावर आले. नेहमीसारखे टोपलं घेऊन नाही, हात रिकामे. चार घरचे लोक होते. ते म्हणाले, “मी केलेला काय बी आना, मरेपर्यंत करीन. बाजारच्या लोखंडाला आता माझा भाता नाय. नायतर पायल्या चार करा.”

लोक चिडले. बलुतेदाराने खळ्यावर अट घालायची म्हणजे काय! कुणी म्हणालं, माज आला. कुणी म्हणालं, उद्या घिसाडी येतील, ते पालं ठोकतात तेव्हा स्वस्तात काम करतात. घिसाड्यांचा हात चांगला असतो हे खरं. पण ते आठ दिवसांनी बैलगाड्या जुंपून पुढच्या गावाला जातात आणि नवव्या दिवशी फाळ मोडला तर तुम्ही कुणाला धरणार? बाबांनी त्या दिवशी फार बोलणं केलं नाही. चार पायल्या मापून दिल्या. आमच्या आळीतल्या दोन घरांनी दिल्या. बाकीच्यांनी जुन्या दोनही रोखून धरल्या.

माझं स्पष्ट मत आहे, की दादांचं बरोबर होतं. जुन्या बलुतेदारीचे गोडवे गाणारे आजही भेटतात, आणि तिच्यातली माया मी स्वतः भोगलेली आहे. पण ती स्वस्त का होती? तर करणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती म्हणून. तो आमच्या ओटीवर कधी पाटावर बसला नाही, खालीच बसला. पहिल्यांदा नाही म्हणाला आणि गावाने त्याचा वाटा तोडला.

दोन पावसाळे त्यांनी काढले. १९७४ च्या सुमाराला ते पनवेलला परत गेले. सिडकोचं भूसंपादन सुरू झालं होतं, खालच्या पट्टीत गावांच्या जमिनी जात होत्या, बांधकामाला सळया वाकवणारे, गेट करणारे हवे होते. मुलगा वेल्डिंग शिकला. आमच्या गावात मग विळा बोथटला की दुसरा आणायचा, असं सुरू झालं. भातकापणीला दातेरी वैभव विळा आला, तो शेती खात्याची माणसं सांगायची, जमिनीलगत कापा म्हणजे धसकटात खोडकिडा राहणार नाही. विळा चांगला, सल्लाही चांगला. पण त्याचे दात गेले की ते पुन्हा काढून देणारं गावात कुणी नव्हतं.

मागे एकदा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या त्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो होतो. नातू चालवतो. आजोबांचीच ऐरण आहे, आता तिच्यावर ग्रिलच्या पट्ट्या सरळ करतात. मी बाबांचा तो चाकू घेऊन गेलो होतो. तांब्याच्या चकत्या अजून आत आहेत, पातं बोटभरच उरलंय. त्याने उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “काका, ह्यो आमच्या आजोबांनी ठोकलाय ना?” खिळा पुन्हा आवळायचे त्याने साठ रुपये सांगितले. मी दिले.