काका, स्वामी, साहेब : ऐतिहासिक कादंबरीतील संबोधनांविषयी

अमळनेरात मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९५२ साली अध्यक्षस्थानी कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी होते, म्हणजे 'मराठी व्युत्पत्तिकोशा'चे कर्ते. २०२४ साली रवींद्र शोभणे होते, महाभारतावर 'उत्तरायण' ही कादंबरी लिहिणारे. पहिल्याने आयुष्यभर शब्दांची कुळी शोधली, दुसऱ्याने जुन्या कथेतल्या माणसांना बोलते केले. ही दोन कामे एकमेकांच्या शेजारची आहेत, पण आपल्याकडे ती क्वचितच एकत्र बसतात. ऐतिहासिक कादंबरीची चर्चा निघाली की आपण घटना खऱ्या की खोट्या यावर वाद घालतो. पात्रे एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारायचा आहे, कारण माझ्या मते ऐतिहासिक कादंबरीचे खरेखोटेपण तारखांपेक्षा हाकेत अधिक लवकर उघडे पडते.

अमळनेरचेच उदाहरण घेऊ. १८१८ साली पेशवाई बुडाली, परंतु खानदेशात नोकरीस असलेल्या अरब शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली नव्हती. मालेगावच्या किल्ल्याला इंग्रजांना वेढा घालावा लागला. बोरी नदीच्या काठची अमळनेरची गढीही अरब शिबंदीच्याच ताब्यात होती, आणि तीही त्याच वर्षी शरण आली. या प्रसंगावर कोणी कादंबरी लिहावयाची म्हटली तर त्याची पहिली अडचण कोणती असेल? गढीत अरब जमादार आहे, कागद लिहिणारा मराठी कारकून आहे, बाहेर इंग्रज अधिकारी आहे, मध्ये दुभाषी आहे आणि तटाखाली अहिराणी बोलणारा गाव आहे. यांतला कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलला? जमादाराने कारकुनाला 'तू' म्हटले की 'तुम्ही'? दुभाष्याने साहेबाचा हुकूम आत नेताना त्याची धार कमी केली की वाढवली? इतिहास शरणागतीचे साल देतो, संभाषण देत नाही. कादंबरी तिथे सुरू होते आणि बहुधा तिथेच चुकते.

इतिहास संभाषण देत नाही हे म्हणणेही पुरते खरे नाही. तो पत्रे देतो. मराठी पत्राचा मायना म्हणजे नात्याचे व्याकरणच होय. थोराने धाकट्यास 'चिरंजीव' लिहून आशीर्वाद द्यावा, धाकट्याने थोरास 'तीर्थरूप' लिहावे, चाकराने धन्यास 'स्वामींचे सेवेसी' लिहून विनंती करावी, बरोबरीच्याने 'राजश्री' म्हणावे. कोणी नमस्कार लिहावा, कोणी दंडवत, कोणी रामराम, यालाही जात, पद आणि वय यांचे नियम होते. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांत कोणास कोणता मायना लिहावा याचे धडे आहेत, इतके हे शास्त्र जुने. अशा पत्रांचा ढीग उपसण्याचे काम वि. का. राजवाडे यांनी केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते धुळ्यास होते, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले, आणि त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी १९२७ साली धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. याच राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव या दोन वृत्तींचा विचार मांडला होता. म्हणजे पत्रांचा संशोधक आणि कादंबरीचा समीक्षक एकाच माणसात नांदत होते. ही जोडी पुढे फुटली, हे आपले दुर्दैव.

पत्रांखेरीज दुसरे साधन बखरीचे. बखरीत संवाद भरपूर असतात. सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिली गेली. तीत माणसे बोलतात, प्रतिज्ञा करतात, दरडावतात. परंतु हे संवाद ऐकून टिपलेले नव्हेत, आठवणीतून आणि शिष्टाचारातून घडवलेले आहेत. मराठी ऐतिहासिक कादंबरीने बोलण्याची ढब घेतली ती प्रामुख्याने बखरीकडून. पत्रांकडून घेतली असती तर तिचे रूप वेगळे झाले असते.

रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी, १८७१ सालची. ती आधी 'विविधज्ञानविस्तार' या मासिकात क्रमशः आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि आपल्या सामाजिक व ऐतिहासिक कादंबऱ्या त्यातून आठवड्या-आठवड्याने छापल्या. 'उषःकाल' त्यांतलीच. तिच्यातील मुख्य ताण लढाईचा नाही, बापलेकांचा आहे. विजापूरच्या दरबाराशी इमान राखणारे रंगराव अप्पा आणि शिवाजीराजांकडे ओढला जाणारा त्यांचा मुलगा नानासाहेब. बापाला उलटून बोलणे ज्या काळी अशक्य, त्या काळी मुलाची निष्ठा बदलली आहे हे लेखक दाखवणार कसे? आदराचे शब्द तसेच ठेवून, उत्तर देण्याच्या विलंबातून. साप्ताहिकाचा वाचक त्या न दिलेल्या उत्तरासाठी पुढल्या अंकाची वाट पाही. क्रमशः प्रकाशनाने केवळ प्रकरणाच्या शेवटी उत्कंठा आणली असे आपण शिकवतो. माझ्या मते त्याने संवादाचाही स्वभाव बदलला, कारण प्रत्येक हप्त्यात वाचकाला कोण कोणाचा कोण हे पुन्हा सांगावे लागे, आणि त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संबोधन. परंतु याच काळात एक विभागणीही रूढ झाली. सरदार नागर भाषा बोलणार, मावळे गावरान. ही विभागणी आजही आपल्या नाटक-चित्रपटांत टिकून आहे.

रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिचे यश बहुधा माधवराव-रमाबाईंच्या नात्यावर मोजले जाते. मला तिचा कणा काका-पुतण्याच्या नात्यात दिसतो. इतिहास असा की १७६१ साली माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. १७६२ साली आळेगावला त्यांना चुलत्यापुढे नमते घ्यावे लागले. १७६८ साली चांदवडजवळच्या धोडपला त्यांनी त्याच चुलत्याचा पराभव करून त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आता मायना लावून पाहा. रघुनाथराव वयाने थोर, म्हणून पुतण्या त्यांना वाकणार. माधवराव पदाने थोर, म्हणून चुलता त्यांचा चाकर. दोघेही एकमेकांपुढे वाकण्यास बांधलेले आणि दोघेही वाकण्यास नाखूष. कैदी झालेल्या माणसालाही 'काका' म्हणावेच लागते, आणि त्या दोन अक्षरांत दया, राग, लाज व राज्यकारभार एकदम येतात. देसायांनी हे नाते बरोबर ओळखले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग छापले नसते, तर पेशव्यांच्या घरातल्या या कुरबुरी पुढल्या लेखकांना इतक्या सहज हाती लागल्या नसत्या, हेही येथे नोंदले पाहिजे.

हाच खेळ आज सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालतो तो चीनमध्ये. तेथे संगणकाच्या पडद्यावर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. २००३ पासून तर हजार चिन्हांमागे थोडे पैसे घेऊन प्रकरणे विकली जाऊ लागली. लांबीवर पैसे म्हटल्यावर संवाद लांबणार हे उघड आहे. पण त्याचबरोबर संबोधनांचे भान विलक्षण तीव्र झाले, कारण राजवाडा ही या कादंबऱ्यांची आवडती जागा आहे, आणि तेथे चुकीचे सर्वनाम जीवावर बेतते. 'मी' या अर्थाचा 'झन' हा शब्द चीनच्या पहिल्या सम्राटाने इसवी सनापूर्वी २२१ साली स्वतःपुरता राखून ठेवला. तो दुसऱ्या कोणी स्वतःसाठी वापरणे म्हणजे बंडच. छिंग राजवटीत मांचू अधिकारी सम्राटापुढे स्वतःला 'नूत्साय' म्हणजे गुलाम म्हणवीत, तर हान अधिकारी स्वतःला 'छन' म्हणजे सेवक म्हणवीत. गुलाम म्हणवून घेणे हा तेथे जवळिकीचा मान होता. ल्यू ल्यानत्स या लेखिकेच्या 'चन ह्वान' कथेतील राण्या एकमेकींना 'ताई' आणि 'धाकटी बहीण' म्हणत एकमेकींचा घात करतात. २०११ साली त्या कथेवर मालिका आली तेव्हा तरुण मंडळी रोजच्या बोलण्यातही तिच्यातली दरबारी भाषा गमतीने वापरू लागली.

थुंग ह्वा या लेखिकेची २००५ सालची 'बू बू चिंग शिन' ही कादंबरी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तिची नायिका आजच्या शेंझेन शहरातली नोकरदार मुलगी. ती कांगशी सम्राटाच्या काळात जाऊन पडते. तिचे मन आजचे आहे, तोंडी मात्र जुने शब्द घ्यावे लागतात. आधुनिक मनाला गुडघे टेकणे जमत नाही, हा तिथे कथेचाच विषय होतो. आपल्या ऐतिहासिक कादंबरीतही नेमके हेच घडलेले असते. विसाव्या शतकातील सुशिक्षित, हळवा, आत्मपरीक्षण करणारा माणूस पगडी घालून अठराव्या शतकात उभा केलेला असतो. फरक इतकाच की चिनी कादंबरी हा प्रवास कबूल करते आणि आपली तो लपवते. 'मृत्युंजय'मधील (१९६७) पात्रांची प्रथमपुरुषी निवेदने असोत की पेशव्यांची शयनगृहातील संभाषणे, ती मुळात आपलीच बोलणी आहेत. यात दोष नाही. दोष आहे तो वाचकाने त्यांना इतिहासाचा आवाज समजण्यात.

त्या लपवण्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. पहिली किंमत फारसीची. शिवकालीन पत्रे वाचू लागणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो त्यांतील अरबी-फारसी शब्दांचा. राजवाड्यांनी अशा शब्दांची मोजदाद करून त्यांचे प्रमाण कालांतराने कसे घटत गेले तेही दाखवले होते. 'राज्यव्यवहारकोश' तयार करावा लागला तो याच कारणाने. शिवाजीराजे आपल्या पत्रांत स्वतःचा उल्लेख अनेकदा 'साहेब' असा करतात. कादंबरीत मात्र ते 'आम्ही' म्हणतात. 'साहेब' या शब्दाला पुढे इंग्रजी कचेरीचा वास लागला, म्हणून कादंबरीकाराने तो टाळला, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे खुद्द शिवाजीराजांचे शब्दच आज वाचकाला परके वाटू लागले. कल्पित भाषा शुद्ध ठरली आणि अस्सल भाषा भेसळीची.

दुसरी किंमत आमच्या खानदेशाची. फारुकी सुलतानांची थाळनेर-बऱ्हाणपूरची राजवट, १६०१ साली अकबराने घेतलेला असीरगड, पेशव्यांच्या उत्तरेकडच्या स्वाऱ्या, १८१८ ची अमळनेर-मालेगावची झुंज, एवढा इतिहास या भागातून गेला. पण ऐतिहासिक कादंबरीत 'मना', 'तुना', 'शे' असे बोलणारा माणूस क्वचितच भेटतो. भेटला तर हरकाम्या किंवा विदूषक म्हणून. बोलीत गांभीर्य मावत नाही अशी समजूत त्यामागे आहे. ही समजूत खोटी आहे हे सांगायला दूर जाण्याची गरज नाही. अमळनेरला पहिले संमेलन भरले त्याच १९५२ साली बहिणाबाई चौधरी यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांची भाषा लेवा गणबोली, अहिराणीची शेजारीण. जन्ममरणाचा विचार त्या बोलीत मावला, मग गढीच्या दारात उभ्या असलेल्या पाटलाचे दुःख अहिराणीत का मावू नये?

याच गावात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. राजवाड्यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. रोज लिहायचे, आणि वाचणारा शेजारच्याच खोलीत. अशा लेखनात कृत्रिम भाषा फार दिवस टिकत नाही, कारण वाचक दुसऱ्या दिवशी समोर येऊन उभा राहतो. ऐतिहासिक कादंबरीला असा समोरचा वाचक पुन्हा मिळवून देणे शिक्षकांच्या हाती आहे. 'स्वामी'तील काका-पुतण्याचा एक प्रसंग आणि पेशवे दप्तरातील एक घरगुती पत्र वर्गात शेजारी शेजारी ठेवावे. मायना कोणता, हाक कोणती, कोण वाकतो आणि कोण वाकल्यासारखे करतो, एवढेच विचारावे. कादंबरीची गोडी त्याने कमी होणार नाही. आणि एखादी मुलगी घरी जाऊन तोच प्रसंग अहिराणीत लिहून आणील, तर तो उतारा दुय्यम समजू नये. अमळनेरच्या गढीतील संभाषण अजून कोणी लिहिलेले नाही.