शेत आणि भूकंप

संख्याशास्त्र हा रुक्ष विषय, अशी आमच्या वाचकांची समजूत असेल तर ती अगदींच निराधार नाहीं. परंतु १९३२ ते १९३४ या काळांत रोनाल्ड फिशर व हॅरल्ड जेफ्रीज या दोन इंग्रज पंडितांमध्यें रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत जो वाद झाला, त्यांत रुक्षपणा फारसा आढळत नाहीं. वादाचें मूळ जुनें होतें. टॉमस बेझ हा धर्मोपदेशक १७६१ सालीं वारला. त्याचा निबंध त्याच्या मित्रानें, रिचर्ड प्राइसनें, १७६३ मध्यें उजेडांत आणला. एखाद्या कल्पनेवर आपला आधींच जो विश्वास असतो, तो पुरावा पाहून किती वाढावा वा घटावा, याचा हिशेब त्यांतून निघतो. फिशरनें १९२५ च्या आपल्या ग्रंथांत ही रीत साफ झिडकारली. आरंभींचा विश्वास मोजावयाचा कोणीं आणि कोणत्या मापानें?

त्याची स्वतःची रीत चहाच्या पेल्यांवरून कळते. पेल्यांत आधीं दूध घातलें कीं चहा, हें चवीवरून ओळखूं येतें, असें एक बाई म्हणतात. आठ पेले मांडावे, चारांत दूध आधीं. नुसत्या अटकळीनें सर्व बरोबर येण्याचा संभव सत्तरांत एक. बाईंनीं तें साधलें, तर निवळ अटकळ होती हें म्हणणें टिकत नाहीं. पण म्हणून त्यांच्या अंगीं ती शक्ति असण्याचा संभव सत्तरांत एकोणसत्तर ठरतो काय? मुळींच नाहीं, आणि ही चूक शिकलेसवरलेले लोक नित्य करतात. आम्हीही वर्गांत केली आहे. हेच पेले कोणी न चाखतां, मंत्राच्या बळावर ओळखले, तर आंकडा तोच राहील. आमचा विश्वास मात्र तितका वाढणार नाहीं. बेझच्या रीतींत या फरकाला जागा आहे, आणि जेफ्रीजचा आग्रह तोच होता.

दोघांचा व्यवसाय ध्यानांत घेतल्यावांचून हा वाद उमगत नाहीं, असें आम्हांस वाटतें. फिशर १९१९ पासून रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधनकेंद्रांत होता. तेथें वाफे पाडावे, कोणत्या वाफ्याला कोणतें खत हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें, आणि शंका उरली तर पुढल्या हंगामांत पुन्हां पेरावें. जेफ्रीज अभ्यासी भूकंपलहरी. भूकंप कोणाच्या सांगण्यावरून पुन्हां होत नाहीं. हातीं आलेल्या नोंदींवरूनच पृथ्वीच्या पोटांत काय आहे हें ठरवावयाचें.

जेफ्रीजचा ग्रंथ १९३९ सालीं निघाला, तेव्हां जोर विरुद्ध पक्षाचा होता. त्याच जेफ्रीजपाशीं शिकून कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनीं १९४९ मध्यें केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, आणि १९५३ सालीं पुणें विद्यापीठांत गणित व संख्याशास्त्राचा विभाग स्थापन केला.