फॅरडेची वही

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या कामाची संचिका, म्हणजे पोर्टफोलिओ, संगणकावर ठेवावी असं आता अनेक विद्यापीठांत सुचवलं जातं. केलेलं काम, शिकवलेले तास, लिहिलेले निबंध आणि त्यातून आपण काय शिकलो याची टिपणं, असं सगळं तिच्यात असतं. कल्पना नवी वाटते ना? पण संगणक बाजूला ठेवला, तर तिचं एक जुनं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे.

१८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, मायकेल फॅरडे लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचूनही काढी. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं दिलेल्या तिकिटांवर त्यानं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली. टिपणं घरी सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि वही बांधून डेव्हीकडे पाठवली. पदवी नव्हती, दाखवायला होतं ते एवढंच. मार्च १८१३ मध्ये तो तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला.

गोष्ट इथेच थांबवली, तर संचिका म्हणजे नोकरीचा अर्ज असं वाटेल. फॅरडेनं मात्र नोकरी मिळाल्यावरही नोंदी सोडल्या नाहीत. १८३२ पासून तो परिच्छेदांना ओळीनं क्रमांक देऊ लागला. ते सोळा हजारांच्या पुढे गेले. त्यामुळे जुन्या नोंदीकडे परत जाता येई. फसलेले प्रयोगही त्यांत होते.

जुनं काम कसं उपयोगी पडतं पाहा. १८२० नंतरच्या दशकात भिंगांसाठी चांगली काच बनवण्यात त्याची काही वर्षं गेली. त्याचं फारसं चीज झालं नाही. १८४५ मध्ये प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो का, हे तो पाहत होता. एकामागून एक पदार्थ निरुपयोगी ठरले. शेवटी त्यानं तीच जुनी जड काच घेतली, आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरणाचं प्रतल फिरलेलं दिसलं!

क्रमांकांचं काम आता संगणक क्षणात करतो. पण फसलेलं लिहायचं धाडस तो देऊ शकत नाही. चुकीला गुण कापले जाणार असतील, तर संशोधक विद्यार्थी संचिकेत फक्त प्रमाणपत्रंच ठेवील.

आपल्या प्रयोगवह्यांचं तरी वेगळं काय आहे? 'अपेक्षित' उत्तर न आलेली, पण प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद पाहून तिच्यावर आपण बरोबरची खूण केली, असं शेवटचं कधी घडलं?