वेब सिरीजमधल्या पात्राचा ‘तोच’ कपडा मोबाइलवरून कसा शोधायचा?

सिरीज बघताना एखाद्या पात्राचं जॅकेट किंवा हुडी आवडते. पात्राचं नाव टाकून सर्च केलं की ढीगभर दुकानं समोर येतात आणि प्रत्येक जण म्हणतो, आमचाच माल ओरिजिनल. पैसे भरायच्या आधी खरा कपडा कोणता हे कसं ओळखायचं, ते आज बघू. मुख्य उदाहरण आहे ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधल्या डस्टिनची जांभळी डायनासोर हुडी.

नक्की काय हवंय, ते आधी ठरवा

• स्क्रीन-यूज्ड: कलाकाराने शूटिंगमध्ये प्रत्यक्ष घातलेला कपडा. हा खरा असल्याची कागदपत्रं नसतील तर दाव्याला काही अर्थ नाही.
• स्क्रीन-ॲक्युरेट: त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि त्याच रंगाचा कपडा. आपला शोध याचा आहे.
• रेप्लिका: बघून शिवलेली किंवा छापलेली नक्कल. ती घेण्यात काही गैर नाही, फक्त नकलेला नकलेचीच किंमत द्यावी.

१. स्पष्ट फोटो मिळवा

नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट काढला तर तो काळा येतो. फोन बिघडलेला नाही, ते कॉपी-संरक्षण आहे. त्यामुळे मी यूट्यूबवरचा अधिकृत ट्रेलर घेतो आणि क्वालिटी १०८०पी करतो. कॉम्प्युटर असेल तर व्हिडिओ पॉज करून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या की दाबा. एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. निदान तीन वेगवेगळ्या प्रकाशातले फोटो जमवा. पिवळ्या दिव्याखाली जांभळा रंग तपकिरी वाटतो, म्हणून एका फ्रेमवरून रंग ठरवू नका.

२. गूगल लेन्स वापरा, पण त्याची मर्यादा ओळखा

फोटो लेन्समध्ये उघडा आणि चौकट फक्त कपड्यावर आणा. चेहरा चौकटीत राहिला तर कलाकाराचेच फोटो येत राहतात. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘सर्कल टू सर्च’ आहे. त्यात होम बटण किंवा खालची पट्टी दाबून धरायची आणि कपड्याभोवती गोल काढायचा. एक लक्षात ठेवा, लेन्स ‘सारखं दिसणारं’ दाखवतं, ‘तेच’ असल्याची खात्री देत नाही. नकला भरपूर असतील तर त्याच आधी दिसतात.

३. कपड्यावरचं वाचा, मग तारीख लावा

डस्टिनची हुडी दुसऱ्या सीझनमध्ये दिसते. तो सीझन २७ ऑक्टोबर २०१७ ला आला आणि त्याची गोष्ट १९८४ मधली आहे. हुडीवर ब्रॉन्टोसॉरस आहे आणि अमेरिकेतल्या ‘सायन्स म्युझियम ऑफ मिनेसोटा’चं नाव आहे. ही हुडी खरोखरच त्या संग्रहालयाची, ऐंशीच्या दशकातली! मागणी एवढी वाढली की संग्रहालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तेच डिझाइन पुन्हा विक्रीला आणलं.

‘डस्टिन हुडी’ असं शोधलं की नकला विकणारे भेटतात. कपड्यावरचं नाव शोधलं की थेट संग्रहालयापर्यंत पोचता येतं.

जोडीला गूगलच्या ‘टूल्स’मधून ‘कस्टम रेंज’ निवडा आणि शेवटची तारीख सीझन येण्याच्या आदल्या दिवसाची टाका. नक्कल प्रसारणानंतर येते, मूळ कपडा आधीपासून असतो. हा फिल्टर कॉम्प्युटरवर किंवा ब्राउझरच्या डेस्कटॉप मोडमध्ये नीट चालतो.

४. छापील अक्षरं नसतील तर शिवण बघा

अशा वेळी बटणं किती, खिशाची झाकणं कशी, कॉलर केवढी आणि शिवण कुठून जाते याची यादी करा. बीबीसीच्या ‘शेरलॉक’मधला लांब कोट बेलस्टाफ कंपनीचा ‘मिलफर्ड’ आहे. पण त्याच्या कॉलरजवळचं लाल दोऱ्याचं काज कंपनीचं नाही. वेशभूषाकार रे होल्मन यांनी ते करवून घेतलं होतं. म्हणजे लाल काज नसलेला मिलफर्डही खरा असू शकतो, आणि लाल काज असलेला भलताच कोट नक्कल असू शकतो. तसं काज आपल्या गल्लीतला टेलरही घालून देईल. त्यासाठी जास्तीचे हजारो रुपये मोजू नका.

५. टॅगचा फोटो मागा

जुना कपडा म्हणून विकत असतील तर माझा पहिला प्रश्न टॅगचा असतो.

• अमेरिकन कपड्यांवर बऱ्याचदा ‘आरएन’ नंबर असतो. तो तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या वेबसाइटवर टाकला की कंपनीचं नाव कळतं.
• धुण्याच्या सूचना शब्दांशिवाय, फक्त चिन्हांत द्यायला अमेरिकेत १९९७ मध्ये परवानगी मिळाली. ‘ऐंशीच्या दशकातली अमेरिकन हुडी’ म्हणून विकलेल्या कपड्यावर फक्त चिन्हं असतील तर सावध व्हा.
• टॅगवर वेबसाइटचा पत्ता असेल तर प्रश्नच मिटला. ऐंशीच्या दशकात वेबसाइट्स नव्हत्या.

६. पैसे भरण्याआधी

विक्रेत्याचा फोटो लेन्सने पुन्हा शोधा. तोच फोटो पाच दुकानांत दिसला, किंवा कपड्याऐवजी सिरीजमधलाच सीन लावलेला असेल, तर पुढे जाऊ नका. आजची तारीख लिहिलेला कागद कपड्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा. ज्याच्याकडे माल आहे त्याला दोन मिनिटांचं काम आहे. पेमेंट ॲपबाहेर मागितलं तर नाही म्हणा, कारण मग तक्रारीला आधार उरत नाही. परदेशातून मागवताना किंमत, कुरिअर आणि कस्टम ड्युटी यांची बेरीज आधी करा. साइजसाठी ‘एम’ किंवा ‘एल’वर जाऊ नका, नीट बसणाऱ्या आपल्या कपड्याची छाती, लांबी आणि बाही मोजून आकड्यांशी ताडून बघा.

हे सगळं करूनही कपडा मिळाला नाही, तर ईबेवर सर्च सेव्ह करून नोटिफिकेशन चालू ठेवा आणि थांबा. डस्टिनच्या हुडीबाबत माझं मत विचाराल, तर संग्रहालयाची अधिकृत पुनर्छपाई मिळाली तर तीच घ्या. डिझाइन मूळ मालकाचं असतं आणि पैसेही त्यालाच जातात.