खानदेशाचे निशाण

युरोपातील पुष्कळ जुन्या नगरांस स्वतःचे निशाण असते. आम्स्टरडॅमच्या तांबड्या ध्वजावर काळा पट्टा व त्यात तीन पांढऱ्या फुल्या असतात. गिरणाकाठच्या भडगावासारख्या आमच्या गावांकडे पाहता मात्र निराळाच इतिहास दिसतो. आमच्याकडे निशाण असे ते राजाचे किंवा देवाचे. फारुकी, मोगल, मराठे आणि १८१८ नंतर इंग्रज, अशा अनेक सत्तांची निशाणे खानदेशावर फडकली; परंतु त्यांतील एकही रयतेने निवडलेले नव्हते.

रयतेने निवडलेले पहिले निशाण म्हणजे चरख्याचा तिरंगा होय. तो हाती घेऊन नागपूरच्या रस्त्यांनी जाण्याचा हक्क मिळविण्यासाठी १९२३ साली तेथे झेंडा सत्याग्रह झाला. १९३१ साली राष्ट्रसभेने त्याच्या रंगांचा जातिधर्मांशी असलेला संबंध तोडला आणि केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा, असा अर्थ लावला. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यात भरलेले राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन आमच्याच फैजपूरला झाले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते, व नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्याने अधिवेशननगर सजविले होते. खेड्यातील चरखा ज्यावर आहे ते निशाण त्या दिवशी खेड्यातच उभे राहिले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारास तेच निशाण घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. त्या दिवसापासून ते निशाण खानदेशाने रक्ताचे मोल देऊन आपले केले, असे आम्ही मानतो.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतले. तथापि कापड हातसुताचेच राहिले, म्हणजे चरखा चित्रातून गेला तरी धाग्यात उरला. डिसेंबर २०२१ मधील नियमबदलाने यंत्रावरचे व पॉलिएस्टरचे ध्वजही चालू लागले. त्यामुळे ध्वज स्वस्त होऊन घरोघरी पोहोचतो, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, तेथील मनुष्याने तरी हा फरक ओळखावा. ध्वजाचा अर्थ रंगांत असतो तसाच तो कापडातही असतो. भडगावास वेगळे निशाण नसेना. आपल्या शेतातील बोंडापासून निघालेल्या सुताचा तिरंगा त्याने उभारला, तर त्याहून अधिक आपले असे निशाण कोणते?